बारा व्हॉल्व्ह कमिन्सला बूस्ट किती झेपतो? माझ्या रॅमवर मोजून काढलेलं उत्तर

"सेफ बूस्ट किती?" म्हणजे टर्बोने इंजिनात हवा किती दाबाने भरली तर चालतं, हा प्रश्न मी जेवढ्या लोकांना विचारला तेवढे आकडे मिळाले. कुणी ३० पीएसआय (दाबाचं माप, दर चौरस इंचाला पौंड) सांगितलं, कुणी ३५, एकाने तर छातीठोकपणे ५० सांगितलं आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या गाडीत एकामागे एक असे दोन टर्बो होते आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, धरायला साध्या बोल्टऐवजी जाड स्टड होते, त्यामुळे त्याला ५० चालतच होतं. पण त्याचं ऐकून माझ्या गाडीत ५० मारले असते तर टर्बोची चाकं सायलेन्सरमधून बाहेर आली असती. म्हणून शेवटी ठरवलं की कुणाचा आकडा उचलायचा नाही, आपल्या गाडीवर आपणच मोजायचं. ते कसं मोजलं, काय बदललं आणि कुठे थांबलो ते नीट लिहितोय, कारण मला असं सगळं एका जागी मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही.

आधी गाडी. १९९७ ची डॉज रॅम २५००, त्यात ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स ६बीटी, बारा व्हॉल्व्हचं, बॉशचा पी७१०० डिझेल पंप, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. कारखान्यातून २१५ हॉर्सपॉवर आणि टर्बो होल्सेटचा एचएक्स३५डब्ल्यू, यातला शेवटचा डब्ल्यू म्हणजे वेस्टगेटवाला (वेस्टगेट ही जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोच्या चाकाला वळसा घालून बाहेर सोडणारी झडप). कुठेही कॉम्प्युटरचा पंपाशी संबंध नाही, सगळं स्प्रिंग, लिव्हर आणि डायफ्राम. मी इंडियानात कोलंबसच्या जवळ राहतो, म्हणजे कमिन्सच्या गावातच, आणि इथे मराठी बोलणारं कुणी भेटणं काही नवलाचं नाही कारण कमिन्सचं पुण्याशी नातं १९६२ पासूनचं, किर्लोस्कर कमिन्स निघाली तेव्हापासूनचं. मी स्वतः कमिन्समध्ये नाही. पण आमच्या घरी साताऱ्याला आबांचा टाटा १६१३ होता आणि त्यात हेच ६बीटी होतं, जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधलं. त्यामुळे ह्या इंजिनाचा आवाज मला लहानपणापासून कानात बसलेला आहे आणि गाडी घेताना बाकी काही न बघता मी आधी बॉनेट उघडायला सांगितलं.

गाडी सेकंडहँड आणि आधीच्या मालकाने बरंच काही करून ठेवलेलं. पहिल्याच दिवशी चौथ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली तर मागे काळाकुट्ट धूर आणि त्याने लावलेल्या बूस्ट गेजचा काटा ३८-४० वर. कंपनीची गाडी साधारण १८ ते २० पीएसआय दाखवते, म्हणजे हे दुप्पट झालं. आबांना फोन केला, त्यांनी बूस्टबद्दल काही विचारलंच नाही, म्हणाले, "पंप वाढवलाय त्यानं. किती वाढवलाय ते बघ आधी, बूस्टचं मागनं बघू." आपल्याकडे ट्रकवाले पंप वाढवून घेतात तेव्हा नेमकं हेच करतात, डिझेल वाढवतात. आणि ह्या एका वाक्यात अर्धा विषय आहे.

कारण टर्बो डिझेलवर आणि लोडवर फिरतो. न्यूट्रलमध्ये कितीही रेस करा, काटा दोन-तीनच्या वर जात नाही, कारण जळायला डिझेल कमी आणि टर्बाइनकडे, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाकडे, जाणारी उष्णता कमी. गाडी लोडखाली आली, रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) उघडला, डिझेल जास्त गेलं, एक्झॉस्ट गरम आणि जोरदार झाला, टर्बो पळाला आणि मग बूस्ट आला. बूस्ट हा परिणाम आहे. त्यामुळे नुसता बूस्टचा काटा बघून इंजिन सेफ आहे की नाही हे कळत नाही, त्याच्या बरोबर अजून दोन काटे लागतात, आणि माझ्या गाडीत ते दोन्ही नव्हते.

पहिला पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान, इथे सगळे ईजीटी म्हणतात. ह्याचा प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसला पाहिजे. टर्बोच्या नंतर बसवला तर लोडखाली २०० ते ३०० फॅरनहाइट कमी दाखवतो कारण टर्बाइनने तेवढी उष्णता खाल्लेली असते आणि तो फरक दर वेळी सारखाही नसतो, म्हणजे डोक्यातल्या डोक्यात अधिक करूनही उपयोग नाही. दुसरा काटा फार कमी लोक लावतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा, ड्राइव्ह प्रेशर. म्हणजे मॅनिफोल्डमध्ये टर्बाइनच्या आधी एक्झॉस्ट किती दाबून बसलाय. टर्बोच्या एका बाजूला आपण ३० पीएसआय हवा इंजिनात ढकलतोय आणि दुसऱ्या बाजूला एक्झॉस्ट ६० ने तुंबलाय, असं असेल तर इंजिन अर्धी ताकद आपला स्वतःचा धूर बाहेर ढकलण्यातच घालवतंय.

दोन्हीसाठी मॅनिफोल्डला भोकं पाडावी लागतात. टर्बो तसाही तपासायचा होता म्हणून तो खाली घेतला आणि मग ड्रिल केलं, म्हणजे लोखंडाचा कीस टर्बाइनमध्ये जायची भीती नाही, आत फडकं आणि लोहचुंबक फिरवून सगळं साफ करता आलं. ह्या मॅनिफोल्डच्या आत दोन वाटा आहेत, पुढचे तीन सिलिंडर एकीकडे आणि मागचे तीन दुसरीकडे. मी प्रोब मागच्या वाटेत बसवला आणि ड्राइव्ह प्रेशरची नळी पुढच्या. ही नळी स्टीलची घ्यायची आणि हातभर लांब ठेवून मग पुढे गेजची नळी जोडायची, नाहीतर गरम गॅस थेट गेजपर्यंत जाऊन ते वितळतं. काजळीने ती अधूनमधून तुंबते, तेव्हा कम्प्रेसरची हवा उलटी मारायची, तेवढीच देखभाल.

टर्बो हातात आला तेव्हा शाफ्ट बोटाने हलवून बघितला. वर-खाली थोडी हालचाल असणं साहजिक आहे, तेलाच्या थरावर तरंगणारा शाफ्ट आहे तो, पण आत-बाहेर जाणवण्यासारखी हालचाल नको आणि चाकाची पाती हाउसिंगला घासल्याची खूण नको. दोन्ही ठीक होतं. मात्र टर्बाइन हाउसिंगमध्ये वेस्टगेटच्या भोकाजवळ केसासारखी तडा होती, ह्या टर्बोत ती खूपदा सापडते, पुढे सरकत नसेल तर चालवून घेतात. आणि मग खरी गोष्ट दिसली. वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरला, म्हणजे बूस्टच्या दाबाने ते उघडणाऱ्या डबीला, जाणारी नळी काढून तिच्या तोंडात एक स्क्रू बसवलेला होता. म्हणजे वेस्टगेट कधी उघडतच नव्हतं, जेवढं डिझेल जाईल तेवढा टर्बो पळत सुटायचा. ४० चा उलगडा झाला.

तरी मी ते लगेच दुरुस्त केलं नाही. आधी आहे तशा अवस्थेतले आकडे हवे होते, नाहीतर बदलल्यावर तुलना कशाशी करणार.

त्याआधी एक छोटं काम, हवेची गळती. टर्बोच्या तोंडाला रबरी झाकण, त्याला व्हॉल्व्ह, कम्प्रेसरने २० पीएसआय भरायचे आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा) दोन रबरी बूटांतून फेस आला. साधे स्क्रूचे क्लॅम्प होते, ते काढून टी-बोल्टचे लावले, रबर आतून तेलकट होतं ते ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं केलं कारण तेलकट रबर कितीही आवळा, लोडखाली सटकतंच. गळती असली की टर्बोला तोच बूस्ट दाखवायला जास्त पळावं लागतं. म्हणजे गेजवर आकडा तोच आणि टर्बोचे हाल वेगळेच. ही तपासणी केल्याशिवाय बाकी काही मोजू नका.

मग ट्रेलर लावला. एका मित्राच्या शेतावरचं गवत, ट्रेलर धरून ४ टनांच्या आसपास. इंडियाना सपाट आहे पण कोलंबसच्या पश्चिमेला ब्राउन काउंटीत टेकड्या आहेत, स्टेट रोड ४६ वर बऱ्यापैकी चढ मिळतात. चौथा गिअर, २००० ते २२०० आरपीएम, पूर्ण दाबून, बायको शेजारी बसून तिन्ही काट्यांचा व्हिडिओ घेतेय. बूस्ट ४०. ड्राइव्ह प्रेशर ६५ च्या पुढे. ईजीटी १३५० फॅरनहाइटला पोचलं आणि मी पाय काढला.

आता हे आकडे वाईट का ते सांगतो, कारण नुसतं "जास्त आहे" म्हणून समजत नाही.

टर्बोला पीएसआय कळत नाही, त्याला प्रेशर रेशो कळतो. आत आलेल्या हवेचा दाब आणि बाहेर ढकललेल्या हवेचा दाब यांचं प्रमाण. माझ्याकडे हवेचा दाब साधारण १४.३ पीएसआय. बूस्ट ४० म्हणजे एकूण ५४.३, भागिले १४.३, आलं ३.८. एचएक्स३५ चा कॉम्प्रेसर मॅप, म्हणजे कुठल्या रेशोला टर्बो किती कार्यक्षम आहे त्याचा आलेख, बघितला तर त्याची चांगली कार्यक्षमता ३ च्या आसपास संपत जाते, ३.३ पर्यंत ओढता येतं, त्याच्या वर तो शाफ्ट फक्त जास्त जोरात फिरतो आणि हवा जास्त गरम करतो. बाहेर २७ सेल्सिअस धरून मी हिशोब मांडला. ३३ पीएसआयला टर्बोच्या तोंडाशी हवा साधारण २०० अंशांना निघते, ४० ला २४० च्या आसपास. एकूण दाब १५ टक्क्यांनी वाढला खरा, पण हवा गरम झाली की विरळ होते, त्यामुळे टर्बोच्या तोंडाशी खरी हवा वाढली फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. इंटरकूलर त्यातलं थोडं परत मिळवून देतो, नाही असं नाही, पण ती ५ टक्के हवा मिळवायला आपण ॲल्युमिनियमचं चाक त्याच्या हद्दीबाहेर फिरवतो आणि एक्झॉस्ट तुंबवतो. मला हा सौदा अजिबात पटत नाही.

ड्राइव्ह प्रेशरचं म्हणाल तर आदर्श म्हणजे बूस्टइतकंच, एकास एक. एका टर्बोवर लोडखाली दीडपट पर्यंत लोक मान्य करतात. माझं त्याच्याही वर गेलं होतं. शिवाय ह्याचा एक तोटा लवकर लक्षात येत नाही, हा दाब एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर बसतो आणि तो उघडायला बघतो, आणि व्हॉल्व्हचे जुने मऊ स्प्रिंग त्याला किती धरतील ह्याची खात्री नाही. म्हणूनच पंप आणि आरपीएम वाढवणारे लोक ६० पौंडाचे स्प्रिंग आधी टाकतात.

ईजीटीला इथे सगळे १२५० फॅरनहाइट म्हणजे साधारण ६७५ सेल्सिअस ही सतत चालवायची मर्यादा मानतात. १३०० पर्यंत थोडा वेळ, ओव्हरटेक करताना वगैरे. पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे, त्याला खालून तेलाचा फवारा मिळतो म्हणून तो टिकतो, पण घाटात दहा मिनिटं १४०० वर चालवली तर तो फवारा पण काय करणार. रिकाम्या पिकअपवर काही सेकंदांच्या रेसमध्ये १४०० दिसले आणि काही झालं नाही, असं सांगणारे भेटतील, ते खरंही असतं. ट्रेलर ओढणाऱ्याचा हिशोब वेगळा आहे.

आणि हेड. लोक म्हणतात बूस्टने हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, जातं. बूस्ट एकटा नाही नेत. गॅस्केट जातं सिलिंडरमधल्या सगळ्यात मोठ्या दाबाने, आणि तो दाब तिघे मिळून बनवतात, बूस्ट, डिझेल आणि टायमिंग (सिलिंडरमध्ये डिझेल कधी फवारायचं ते). २० पीएसआय बूस्टला सिलिंडर ३४.३ ची हवा घेतो आणि ४० ला ५४.३ ची, म्हणजे डिझेल पेटायच्याही आधी, नुसत्या दाबण्यातच (ह्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १७.५) दाब ५८ टक्क्यांनी जास्त. त्यावर जळणाचा दाब. सिलिंडरचा व्यास १०२ मिलीमीटर, आत २००० पीएसआय झाले तर एकेका सिलिंडरवर हेडला वर उचलायला ११ टनांहून जास्त जोर लागतो, आणि तो धरायला सगळे मिळून २६ बोल्ट. त्यात कुणी टायमिंग पुढे सरकवलं असेल तर पिस्टन वर येत असतानाच आग भडकते आणि तो जोर अजून वाढतो. त्यामुळे बूस्ट कमी, टायमिंग जास्त अशा गाडीचं गॅस्केट पण जाऊ शकतं. माझ्या भागातला एक सत्तरी ओलांडलेला मेकॅनिक आहे, आयुष्यभर डिझेलच केलं, त्याचं म्हणणं कंपनीच्या बोल्टवर ३५ च्या पुढे जाऊच नको, आणि ४० च्या पुढे जायचं असेल तर स्टडशिवाय चर्चाच नको. बाकीचे अनुभवी लोकही साधारण हेच सांगतात.

गॅस्केट आधीच गेलंय का ते पण बघून घेतलं. सकाळी थंड इंजिनला रेडिएटरचा वरचा होज दाबून बघायचा, चालू केल्यावर दोन मिनिटांत कडक झाला तर गॅस पाण्यात जातोय. लोडखाली चालवून आल्यावर कूलंटच्या बाटलीत पाणी वर चढलंय का, बुडबुडे येतायत का. हेडच्या मागच्या कोपऱ्यात, केबिनच्या भिंतीजवळ, हात घालून ओल लागते का. सगळं कोरडं होतं. एवढं बघून मोठा श्वास सोडला.

आता दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा आहे, आधी डिझेल, मग वेस्टगेट, मग हेड.

पंपात एक फ्युएल प्लेट असते, रॅक किती पुढे जाऊ शकतो त्याची ती हद्द. आधीच्या मालकाने ती काढूनच टाकली होती. आणि एएफसी, म्हणजे डायफ्रामवाला भाग, जो बूस्टची नळी घेतो आणि बूस्ट आल्याशिवाय पूर्ण डिझेल सोडत नाही, त्याचं दातेरी चाक असं फिरवून ठेवलेलं की बूस्ट यायच्या आधीच डिझेल धो धो. तो काळा धूर तिथून. मी कंपनीची प्लेट परत बसवली, पण थोडी पुढे सरकवून, आणि दातेरी चाक फिरवून फिरवून अशा जागी आणलं की पाय दाबल्यावर धुराची एक हलकी पट्टी दिसावी आणि बूस्ट चढला की साफ. ह्याला वेळ लागतो, थोडं फिरवा, चालवून या, परत थोडं. पण ट्रेलर ओढताना गाडी किती सभ्य होते हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. शहरात कुणाच्या तोंडावर धूर सोडणं मला तसंही मान्य नाही, १९९७ च्या गाडीला डीपीएफ, ईजीआर अशी प्रदूषण कमी करणारी यंत्रणा नाही, म्हणून तर काळजी आपणच घ्यायची.

मग वेस्टगेट. नळीतला स्क्रू फेकला, ॲक्च्युएटरला हवेच्या पंपाने हवा देऊन दांडी मोकळी हलते का बघितलं (जाम झाली असेल तर गंज सोडवायचं तेल टाकून हाताने हलवत बसा, सुटते), आणि नळीत एक ॲडजस्टेबल एल्बो टाकला. हा एल्बो थोडी हवा बाहेर सोडतो, त्यामुळे ॲक्च्युएटरला खऱ्यापेक्षा कमी दाब पोचतो आणि वेस्टगेट उशिरा उघडतं. स्क्रू फिरवून पाहिजे तिथे आणता येतं. मी २५ पासून सुरुवात केली आणि त्याच चढावर तोच ट्रेलर घेऊन वर वर नेत गेलो.

ज्या दिवशी बूस्ट ३३ ला सेट झाला त्या दिवशीचे आकडे, बूस्ट ३३, ड्राइव्ह प्रेशर ४४, ईजीटी १२२० च्या आसपास. हा मोठा फरक डिझेल कमी केल्याने पडलाय हे उघड आहे, म्हणून मी प्लेटला हात न लावता एकदा वेस्टगेटची नळी परत बंद करून त्याच चढावर नेली. बूस्ट ३८ झाला, ड्राइव्ह प्रेशर ६० ला गेलं आणि ईजीटी कमी होईल असं वाटत होतं ते उलट थोडं वर सरकलं. चढाच्या माथ्यावर वेग तोच. म्हणजे वरच्या ५ पीएसआयचा मला काडीचा फायदा नाही, सगळं ओझं टर्बोवर आणि व्हॉल्व्हवर. ३६ आणि ३५ वर पण बघितलं. ३३ च्या वर ड्राइव्ह प्रेशर बूस्टपेक्षा भराभर पळायला लागतं, आणि माझ्यासाठी तीच खूण होती. ३३ चा प्रेशर रेशो काढा, ३.३ येतो, मॅपवर जे दिसलं तेच रस्त्यावर निघालं.

हेडला स्टड टाकायची ३३ ला गरज नव्हती असं म्हणणारे म्हणतील. मी टाकले. गाडी जुनी, बोल्ट कारखान्यातले, आणि मला ही गाडी अजून बरीच वर्षं ट्रेलरला वापरायचीय. हेड न उतरवता, एका वेळी एक बोल्ट काढून त्या जागी स्टड, मधून सुरू करून गोल गोल बाहेर. बारा व्हॉल्व्हचं एक सुख म्हणजे सहा सिलिंडरला सहा वेगळी व्हॉल्व्ह कव्हर, प्रत्येक एका बोल्टवर. लांब बोल्ट रॉकरच्या पेडेस्टलमधून जातात त्यामुळे ते काढले की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, परत सेट करावे लागतात, थंड इंजिनला इनटेक १० थाऊ आणि एक्झॉस्ट २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). स्टडला त्यांच्याच कागदावर लिहिलेला टॉर्क, त्यांचंच वंगण लावून, टप्प्याटप्प्याने. साधं तेल लावलं तर टॉर्क पाना तोच आकडा दाखवेल पण ओढ वेगळी येईल. मग इंजिन पूर्ण गरम करून, रात्रभर थंड करून, परत एकदा सगळे फिरवून बघितले. काही किंचित सरकले. त्याच वेळी पुढचं गिअर कव्हर काढून तो कुप्रसिद्ध डॉवेल पिन पण पत्र्याची पट्टी लावून पक्का केला, तो सुटून टायमिंगच्या गिअरमध्ये पडला तर बूस्टबिस्ट सगळं बाजूला राहतं.

टायमिंगला मी हात लावला नाही. कारखान्यातलं १२ ते १३ अंशांच्या आसपासचं टायमिंग ट्रेलरसाठी पुरतं.

इथपर्यंत वाटत होतं की ३३ म्हणजे ३३, झालं काम. मग कोलोरॅडोला जायची वेळ आली, मागे ट्रेलर, डेन्व्हरवरून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढायचं. निघायच्या आधी घरीच कागदावर हिशोब केला आणि बरं झालं केला. बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे हवेचा दाब साधारण ९.७ पीएसआय. वेस्टगेटचा स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत उघडतो, म्हणजे तो तिथेही गेजवर ३३ च आणायला बघणार. पण ३३ अधिक ९.७ भागिले ९.७ म्हणजे रेशो ४.४! इंडियानात ४० वर जे वाटोळं होतं त्याच्याही पुढे. रेशो ३.३ वरच ठेवायचा तर डेन्व्हरला, जिथे दाब १२.१ च्या आसपास, बूस्ट २८ आणि बोगद्याजवळ फक्त २२. गेजवरचा तोच ३३ चा आकडा खाली सेफ आणि वर घातक, ही गोष्ट मला ह्या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची वाटते आणि सेफ बूस्ट सांगणारे लोक ती जवळजवळ कधीच सांगत नाहीत.

डेन्व्हरच्या बाहेर पेट्रोल पंपावर थांबून एल्बोचा स्क्रू फिरवला आणि २४ च्या आसपास आणून ठेवला. बूस्ट कमी म्हणजे हवा कमी, आणि डिझेल तेवढंच गेलं तर ईजीटी चढणार, त्यामुळे पाय पण हलका. शेवटच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, २३००-२४०० आरपीएमवर, ट्रकच्या लेनमध्ये धोक्याचे दिवे लावून, डोळे पायरोमीटरवर. १२०० झाले की पाय किंचित वर, ११५० ला परत तसाच. लोक बाजूने निघून जात होते, जाऊ दे. आबा खंबाटकीला भरलेला १६१३ असाच चढवायचे, गिअर आधीच खाली, इंजिन फिरतं ठेवून, कधी गुदमरू न देता. खालच्या गिअरमध्ये आरपीएम जास्त म्हणजे प्रत्येक फेऱ्याला डिझेल कमी आणि पाण्याचा पंप, पंखा, टर्बो सगळे नीट फिरतात. वर पोचल्यावर लगेच बंद केली नाही, ईजीटी ४०० च्या खाली येईपर्यंत आयडलवर ठेवली, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच जळून कोळसा होतं.

भारतातल्या मंडळींसाठी एक गोष्ट, कारण गावी आलो की व्ही-क्रॉस, स्कॉर्पिओ, थारवाले हेच विचारतात की ३३ चालेल का. नाही. तुमची इंजिनं कॉमनरेल, टर्बो बहुतेक व्हीजीटी, म्हणजे पाती हलवून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, बूस्ट ठरवतो, टर्बो लहान, कॉम्प्रेशन वेगळं, हेड ॲल्युमिनियमचं असू शकतं. माझा आकडा तुमच्या काही कामाचा नाही, पद्धत मात्र तीच, ईजीटी आणि ड्राइव्ह प्रेशर मोजा, टर्बोचा मॅप शोधा, रेशो काढा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ते अजून कडक करून सांगितलंय, त्यामुळे आधी आरटीओचं काय ते बघा, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला हेच बघतो.

सध्या गाडी घरी आहे, एल्बो परत ३२ वर, एक पीएसआय मुद्दाम हातचा ठेवलाय कारण थंडीत हवा घट्ट असते आणि काटा आपोआप थोडा वर जातो. एअर फिल्टर आता लवकर बदलतो, तुंबलेला फिल्टर टर्बोच्या तोंडाशीच दाब कमी करतो आणि रेशो वाढतो, गेजवर मात्र काही दिसत नाही. पुढचं काम व्हॉल्व्ह स्प्रिंगचं. ३००० आरपीएमचे गव्हर्नर स्प्रिंग (इंजिन किती आरपीएमपर्यंत फिरू द्यायचं ते ठरवणारे) आणून कपाटात ठेवलेत, पण ६० पौंडाचे व्हॉल्व्ह स्प्रिंग पडल्याशिवाय ते पंपात जाणार नाहीत. बाराही व्हॉल्व्हचे बदलायला एक अख्खा शनिवार-रविवार लागेल, गवताचा हंगाम संपला की करतो.